हा प्रयोग मुळात कोणाचा? जादूच्या प्रयोगांची नोंद आणि श्रेय : नवोदितांसाठी मार्गदर्शन

ज्यांच्याकडे मी जादू शिकलो ते सर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी पंचवटीतील आपल्या दोन खोल्यांच्या घरात आम्हा चार-पाच मुलांना हातचलाखी शिकवत असत. ते गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या सूनबाईंनी मला बोलावून घेतले. माळ्यावरची लोखंडी पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी त्यात आमच्या उपयोगाचे काही आहे का, हे मी पाहावे असे त्यांचे म्हणणे होते. पेटीत रेशमी रुमाल, पितळी वाट्या, हँडबिलांचा एक गठ्ठा आणि लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही निघाली. वहीच्या प्रत्येक पानावर एका प्रयोगाचे नाव, खाली त्याचे साहित्य आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेले एकच अक्षर होते : 'मा', 'वि' किंवा 'ऐ'. 'मा' म्हणजे माझा आणि 'वि' म्हणजे विकत घेतलेला, हे मला उमगले. 'ऐ' म्हणजे ऐकून बसवलेला, हे मात्र त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने सांगितल्यावर कळले.

लहान-मोठ्या तीन दोऱ्या सारख्या लांबीच्या होतात, तो प्रयोग मी पंधरा वर्षे 'आमच्या सरांचा' म्हणून करत होतो. त्याच्या पानावर 'वि' होते. पुढे शोध घेतल्यावर समजले की जगभर या प्रयोगाचे श्रेय बॉब कार्व्हर या अमेरिकन जादूगाराला दिले जाते. याहून अधिक लागले ते दुसरेच. ज्या सात पानांवर 'मा' होते, त्यांतले चार प्रयोग आज आमच्यापैकी कोणालाही येत नाहीत. जे सरांचे नव्हते त्याचे श्रेय मी त्यांना देत राहिलो आणि जे खरोखर त्यांचे होते ते नोंदीविना गेले. आपल्या भागात जादू शिकणाऱ्या नव्या मुलामुलींकडून असे होऊ नये, म्हणून त्या वहीपासून आजवर जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे.

आधी जमवायचे साहित्य

- पक्क्या बांधणीची, पानांना क्रमांक घातलेली एक वही. सुट्या कागदांवर नोंदी ठेवू नयेत.
- ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रे यांसाठी मोबाईल. वेगळ्या यंत्राची गरज नाही.
- आम्लविरहित कागदाची पाकिटे किंवा निदान स्वच्छ सुती कापड. जुनी हँडबिले लॅमिनेट करू नयेत आणि त्यांना सेलोटेप लावू नये, कारण टेपचा डिंक काही वर्षांत कागद तपकिरी करतो.
- मऊ पेन्सिल. मूळ कागदावर क्रमांक टाकायचाच असेल तर मागच्या बाजूला, पेन्सिलनेच टाकावा.
- संमतिपत्राचा छोटा मराठी मसुदा : कोणी, कोणत्या तारखेला, काय सांगितले आणि त्यातले किती उघड करण्यास परवानगी दिली.

1. प्रयोगाचे चार भाग वेगळे करा

'हा प्रयोग कोणाचा?' असा एकच प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा चुकते, कारण एका प्रयोगात निदान चार गोष्टी एकत्र आलेल्या असतात. प्रेक्षकाला काय घडलेले दिसते तो परिणाम, ते घडवण्याची पद्धत, त्यासाठी बनवलेले साधन आणि त्यासोबतचे बोलणे व हालचाली, म्हणजे सादरीकरण. या चारही गोष्टी एकाच व्यक्तीच्या असतील असे नाही, आणि बहुधा त्या नसतातच.

बाईला करवतीने कापण्याचा प्रयोग घ्या. आपल्याकडे जुन्या पिढीला विचारले तर पी. सी. सरकार हेच नाव पुढे येते आणि त्याला कारणही आहे. 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांनी यंत्राच्या फिरत्या करवतीने हा प्रयोग केला. मुलगी उठण्याआधीच कार्यक्रम संपवण्यात आला आणि ती खरोखर मेली असे वाटून प्रेक्षकांचे दूरध्वनी सुरू झाले. परंतु पेटीतील बाईला कापण्याचा परिणाम त्याआधी पस्तीस वर्षे, 17 जानेवारी 1921 रोजी पी. टी. सेल्बिट या इंग्रज जादूगाराने लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये लोकांसमोर आणला होता. त्याच वर्षी होरेस गोल्डिन याने अमेरिकेत आपली निराळी पद्धत दाखवली आणि यंत्राच्या करवतीची आवृत्तीही पुढे त्यानेच रंगमंचावर आणली. म्हणून नोंद करताना परिणामासमोर सेल्बिट, करवत-यंत्राच्या आवृत्तीसमोर गोल्डिन आणि दूरचित्रवाणीवरील त्या गाजलेल्या सादरीकरणासमोर सरकार असे लिहावे लागते. यात सरकारांचे काहीही कमी होत नाही, उलट त्यांचे नेमके काय होते ते स्पष्ट दिसते.

पत्त्यांतही असेच घडते. प्रेक्षकाने मनात धरलेले एकच पान कॅटमध्ये उलटे निघते, तो 'इन्व्हिजिबल डेक' आज कोणत्याही दुकानात मिळतो. त्याची पद्धत जो बर्ग याच्या 1936 च्या 'अल्ट्रा मेंटल डेक'ची आहे, अदृश्य कॅट हातात दिल्याचे नाट्य एडी फील्ड्सचे आहे आणि आजचे नाव लोकांच्या तोंडी बसवण्याचे काम डॉन ॲलन याने केले. वहीत या चार भागांसाठी चार रकाने आखा. एखाद्या रकान्याचे उत्तर सापडेपर्यंत तो कोरा राहू द्यावा. शेजारच्या रकान्यातले नाव त्यात ओढू नये.

2. नाव हा पुरावा मानू नका

प्रयोगाला ज्याचे नाव चिकटले आहे तोच त्याचा जनक, ही नवोदितांची सर्वांत नेहमीची चूक आहे. पत्त्यांच्या पानांचा प्रत्येक वेळी तीनने वाढणारा क्रम 'सी स्टेबिन्स' या नावाने ओळखला जातो, कारण त्या नावाच्या अमेरिकन जादूगाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो विकला आणि प्रसिद्ध केला. मात्र तीनने वाढणारा असा क्रम त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे, 1593 मध्ये, होरातिओ गालास्सो या इटालियन लेखकाने छापलेला आहे.

याउलट कधी नाव असते पण माणूस सापडत नाही. पत्त्यांच्या हातचलाखीवरचा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला ग्रंथ 1902 मध्ये एस. डब्ल्यू. अर्डनेस या नावाने निघाला आणि तो लेखक खरा कोण, याचा निकाल अजून लागलेला नाही. अशा वेळी नोंदीत छापलेले टोपणनावच लिहावे आणि आपला तर्क, असल्यास, वेगळ्या ओळीत 'तर्क' असे म्हणून द्यावा.

दुसरा सापळा अधिक जवळचा आहे. दुकानदार परदेशी प्रयोगाच्या वेष्टनावर 'नागकन्या', 'मायापेटी' यांसारखी देशी नावे छापतात आणि दहा वर्षांनी तो प्रयोग आपल्याकडचाच होता असे सर्वांना वाटू लागते. खरेदीची पावती आणि वेष्टन जपून ठेवण्याचा हा एक उपयोग आहे.

3. जुन्या जादूगारांकडे आधी जा, कागदांकडे नंतर

कागद पुढच्या वर्षीही राहतील, परंतु ऐंशी वर्षांच्या माणसाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही. एका भेटीत एकच प्रयोग घ्यावा. पहिल्याच भेटीत रहस्य विचारू नये. आधी प्रयोग करून दाखवायची विनंती करावी, कारण हातात वस्तू आली की आठवणी आपोआप येतात. सरांच्या त्या सहकाऱ्यांना मी तासभर प्रश्न विचारत होतो आणि ते 'आठवत नाही रे' म्हणत होते. पेटीतली पितळी वाटी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती पालथी घातली, करंगळीने तिची कड एकदा चाचपली आणि 'ही भद्रकालीतल्या तांबटाकडून ठोकून घेतली होती, पहिल्या तीन फुकट गेल्या' असे म्हणून पुढची वीस मिनिटे ते न थांबता बोलले. त्या कडेची जाडी हाच सरांचा बदल होता, आणि तो वहीत कुठेही लिहिलेला नव्हता.

प्रश्न साधे ठेवावेत : 'काका, हा प्रयोग तुम्ही पहिल्यांदा कोणाच्या हातात पाहिला?', 'त्यांनी तो कोणाकडून घेतला असे सांगितले होते?', 'तुम्ही त्यात काय बदललेत?' 'हा तुम्हीच शोधलात ना?' असा प्रश्न कधीही विचारू नये. समोरचा माणूस भिडेखातर 'हो' म्हणतो आणि ते 'हो' पुढे पुरावा म्हणून फिरत राहते.

सन विचारला तर बहुतेकांना सांगता येत नाही, म्हणून नाशिकच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या खुणांवरून विचारावे. सिंहस्थ ही त्यातली सर्वांत भरवशाची खूण आहे : 1980, 1991, 2003 आणि 2015. 'सिंहस्थाच्या आदल्या गणपतीत' एवढे उत्तर मिळाले तरी पुढचे काम निम्मे होते. वयस्कर मंडळींसाठी 1969 चा गोदावरीचा महापूर ही आणखी पक्की खूण आहे, कारण सामान भिजले की वाचले, हे कोणीही विसरत नाही. मुलाखतीच्या शेवटी दिवस, ठिकाण आणि उपस्थितांची नावे मोठ्याने बोलून ध्वनिमुद्रणातच घ्यावीत.

4. तारीख नसलेल्या कागदाचे वय काढा

जादूच्या कार्यक्रमांच्या हँडबिलांवर वार आणि वेळ असते, 'आज रात्रौ 9॥ वाजता' असेही असते, फक्त सन नसतो. तरीही कागद बरेच काही सांगतो.

तिकिटाचा दर आण्यांत असेल तर तो कागद बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीचा असतो, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. आणे त्यानंतरही काही काळ लोकांच्या तोंडी राहिले, म्हणून 'बहुधा' म्हणतो. 'न. पै.' म्हणजे नये पैसे असा उल्लेख असेल तर काळ आणखी आवळता येतो, कारण 1964 मध्ये 'नये' हा शब्द अधिकृतरीत्या गळाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा आहे. परवानगी 'नाशिक नगरपालिके'ची असेल तर तो नोव्हेंबर 1982 च्या आधीचा, कारण त्यानंतर महानगरपालिका झाली. शके दिलेला असेल तर त्यात 78 मिळवावेत, म्हणजे शके 1885 हे साधारण 1963-64 येते. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौष-माघातल्या कार्यक्रमाला एक वर्ष पुढे जावे लागते, आणि ही चूक मी स्वतः दोन नोंदींत केलेली आहे.

तळाची बारीक ओळ नक्की वाचावी. छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण देणे 1867 च्या कायद्याने बंधनकारक होते, त्यामुळे छापखान्याचे नाव सहसा मिळते. तो छापखाना केव्हा निघाला आणि केव्हा बंद पडला हे मेन रोड-रविवार कारंजा भागातील जुन्या व्यावसायिकांना विचारून कळू शकते. मिळालेला काळ नेहमी दोन टोकांत लिहावा, उदाहरणार्थ '1957 ते 1964 दरम्यान'. मधलाच एखादा सन सोयीसाठी निवडू नये.

5. छापील उल्लेख शोधा

स्थानिक शोधासाठी सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करावी. 1840 पासूनची ही संस्था आहे आणि जुन्या अंकांविषयी तेथे रीतसर विचारणा करता येते. वर्तमानपत्रांपेक्षाही मला अधिक उपयोग झाला तो गणेशमंडळांच्या स्मरणिकांचा आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या वार्षिक अहवालांचा. जादूच्या कार्यक्रमाची बातमी वर्तमानपत्र दोन ओळींत देते, पण स्मरणिकेत 'जादूगारांनी कोऱ्या पोस्टकार्डावर पत्ता आणून दाखविला' असे नेमके वाक्य मिळते. अशा एका वाक्याने प्रयोगाचा परिणाम आणि काळ दोन्ही पक्के होतात.

परदेशी प्रयोगांसाठी 'काँजुरिंग आर्काइव्ह' आणि 'काँजुरिंग क्रेडिट्स' हे इंटरनेटवरील संदर्भसंग्रह पाहावेत. कोणता प्रयोग कोणत्या ग्रंथात किंवा मासिकात आधी आला याची पानासह माहिती तेथे मिळते, आणि ते रहस्य सांगत नाहीत, फक्त उगम सांगतात. जुनी मासिके स्वतः चाळण्याचीही सवय ठेवावी. पत्ते पिसल्यावरही टिकून राहणाऱ्या क्रमाविषयीचे गिलब्रेथचे तत्त्व जुलै 1958 च्या 'द लिंकिंग रिंग'मध्ये छापले गेले, म्हणून त्याच्या उगमाविषयी वाद होत नाही. छापील तारखेचे बळ एवढे असते.

दुय्यम लेखनावर विसंबू नये, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाआधीपासून जादूचे प्रयोग करत आणि आपले आडनाव उलटे फिरवून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले होते, ही गोष्ट नाशिककरांनी अधिक सांगायला हवी. परंतु त्यांच्याविषयीच्या कितीतरी लेखांत कार्ल हर्ट्झ या 'जर्मन जादूगारा'चा उल्लेख येतो. हर्ट्झ हा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जन्मलेला अमेरिकन होता. नाव जर्मन वाटले, एकाने तसे लिहिले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले. हर्ट्झ ज्या पिंजरा गायब करण्याच्या प्रयोगासाठी गाजला आणि जो त्याने 1921 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे, पक्ष्याला इजा होत नाही हे सिद्ध करण्यासाठी, करून दाखवला, तोही मुळात ब्युआतिए द कोल्टा या फ्रेंच जादूगाराचा होता. दहा लेखांनी एकाच लेखावरून घेतलेली माहिती हा एकच पुरावा असतो, दहा नव्हेत.

6. परंपरेतून आलेल्या प्रयोगांना 'अज्ञात' म्हणून सोडून देऊ नका

गोदाघाटावर किंवा आठवडे बाजारात ज्या मदारी-गारुडी मंडळींचे खेळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले, त्यांच्या प्रयोगांना एकच एक जनक सापडणार नाही. वाट्या आणि गोळ्यांच्या खेळाचा उल्लेख पहिल्या शतकातील रोमन लेखक सेनेका याच्या पत्रात आहे आणि आपल्याकडेही तो पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून केला जातो. रिकामा केलेला लोटा पुन्हा पुन्हा पाणी देतो, त्या प्रयोगाला परदेशातही 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणजे भारताचे पाणी असेच नाव आहे. येथे 'जनक : अज्ञात' एवढेच लिहून थांबणे मला अन्यायाचे वाटते. कोणत्या समाजाच्या, कोणत्या गावच्या, कोणाच्या आजोबांच्या हातून तो आपल्यापर्यंत आला, ते लिहावे. ज्या कुटुंबाकडून शिकलो त्यांचे नाव त्यांच्या संमतीने नोंदवावे आणि त्यांच्या भाषेतील प्रयोगाचे नाव जसेच्या तसे ठेवावे.

अशा नोंदी नसल्यामुळे काय होते ते रामो सामी यांच्या उदाहरणावरून दिसते. हा भारतीय कलावंत 1820 च्या सुमारास लंडनमध्ये प्रयोग करत होता आणि सुटे मणी व दोरा गिळून ओवलेली माळ तोंडातून काढून दाखवत होता. पुढे सुया आणि दोऱ्याचा याच जातीचा प्रयोग हुडिनीच्या नावाशी जोडला गेला, जरी हुडिनी स्वतः त्याला 'ईस्ट इंडियन' सुयांचा प्रयोग म्हणत असे.

मात्र अभिमानापोटी उलट चूकही करू नये. दोर आकाशात उभा राहतो आणि मुलगा त्यावर चढून नाहीसा होतो, त्या प्रयोगाची जगभरची प्रसिद्धी 1890 मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राने छापलेल्या मजकुरामुळे झाली, आणि तो मजकूर रचलेला होता हे त्याच वर्तमानपत्राने काही महिन्यांत मान्य केले. आपल्याकडच्या श्रेयालाही तेवढाच पुरावा लागतो.

7. नोंद लिहा

आता वहीत स्वच्छ नोंद करायची. क्रियापद जपून वापरावे, कारण सगळा घोळ 'शोधला' या एका शब्दात होतो. 'प्रथम छापला', 'प्रथम लोकांसमोर केला', 'स्वतंत्रपणे सुचला', 'सुधारला', 'विकायला आणला' आणि 'लोकप्रिय केला' या सहा निरनिराळ्या गोष्टी आहेत. 'पहिला' या शब्दाऐवजी 'आजवर सापडलेला सर्वांत जुना पुरावा' असे लिहावे, म्हणजे उद्या जुना पुरावा मिळाला तर नोंद खोटी ठरत नाही, पुढे सरकते. सरांच्या एका प्रयोगाची माझी नोंद नमुन्यादाखल देतो :

*प्रयोगाचे नाव :* कोरे पोस्टकार्ड.
*परिणाम :* प्रेक्षकाने उच्चारलेला पत्ता बंद पाकिटातील कोऱ्या कार्डावर उमटलेला मिळतो.
*पद्धत :* पाकीट बदलण्याची युक्ती जुनी, कर्ता अनेक. कार्ड धरण्याची पकड सरांची (वही, पान 31, खूण 'मा').
*साधन :* बाजारातील साधे पाकीट, बदल नाही.
*सादरीकरण :* सरांचे. पोस्टमनची टोपी घालून करत (सहकाऱ्याची मुलाखत).
*सर्वांत जुना पुरावा :* गणेशमंडळाची स्मरणिका, 1974.
*विश्वासाची पायरी :* सादरीकरण, पक्के. पकड, एकाच साक्षीवर.
*नोंद करणारा आणि तारीख.*

शेवटून दुसऱ्या ओळीकडे लक्ष द्यावे. प्रत्येक दाव्यापुढे तो छापील कागदावर उभा आहे, दोन स्वतंत्र साक्षींवर आहे की एकाच आठवणीवर आहे, हे लिहिलेच पाहिजे.

8. रहस्य वेगळे ठेवा

श्रेय नोंदवण्यासाठी रहस्य उघड करावे लागत नाही. परिणाम, नावे, तारखा आणि पुरावे यांची वही कोणालाही दाखवता येईल अशी ठेवावी आणि पद्धतीचे तपशील दुसऱ्या वहीत, त्याच क्रमांकाखाली लिहावेत. दुसरी वही कोणी, केव्हा पाहावी हे प्रयोग देणाऱ्या माणसाने ठरवायचे असते, आणि संमतिपत्रात तीच ओळ सर्वांत महत्त्वाची असते. अजून कार्यक्रम करणाऱ्या जादूगाराचा पोटापाण्याचा प्रयोग असेल तर पद्धत लिहून मागूही नये.

9. परवानगी आणि कायदा

नव्या मंडळींना वाटते की जुना परदेशी प्रयोग म्हणजे मोकळे रान. आत उभ्या बाईचा मधला भाग बाजूला सरकलेला दाखवणारी रॉबर्ट हार्बिनची 1965 ची 'झिगझॅग' पेटी हे याचे ठळक उदाहरण आहे. जगभर तिच्या नकला विनापरवाना निघाल्या. हार्बिनने 1970 मध्ये आपला ग्रंथ केवळ 500 प्रतींत काढला आणि तो घेणाऱ्यांना त्यातील साधने बनवण्याचा हक्क दिला. आपल्याकडे सुतार ही पेटी राजरोस बनवून देतो. निदान तिच्या कर्त्याचे नाव आपल्या कार्यक्रमपत्रिकेत असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कायद्याकडून किती अपेक्षा ठेवावी तेही सांगतो. पेटंट घ्यायचे तर पद्धत लेखी उघड करावी लागते. गोल्डिनला करवतीच्या प्रयोगाचे पेटंट 1923 मध्ये मिळाले. पुढे एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत त्या प्रयोगाचे रहस्य छापले तेव्हा तो न्यायालयात गेला आणि 1938 मध्ये हरला, कारण पेटंटमुळे रहस्य आधीच जाहीर झालेले होते.

कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलेले आहे. म्हणून पद्धतीचे संरक्षण होत नसले तरी लिहून काढलेल्या सादरीकरणाचे होऊ शकते. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातील नाट्यकृतीच्या व्याख्येत मूकाभिनयाच्या करमणुकीचाही समावेश आहे, मात्र तिची मांडणी लेखी किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी लागते. अमेरिकेत टेलर या जादूगाराने गुलाबाची सावली कापताच खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळतात, हा आपला प्रयोग 1983 मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवला होता, आणि त्याच्या जोरावर त्याने नक्कल करणाऱ्याविरुद्ध 2014 मध्ये निकाल मिळवला.

आणखी एक गोष्ट फार कमी जादूगारांना ठाऊक असते. आपल्या कायद्यातील 'परफॉर्मर' या व्याख्येत नट, गायक, डोंबारी यांच्यासोबत जादूगाराचा स्पष्ट शब्दांत उल्लेख आहे. त्यामुळे आपल्या प्रयोगाचे चित्रण झाले तर कलाकार म्हणून आपली ओळख दिली जावी असा हक्क आपल्याला आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने तो वेगळ्या कलमात नमूद झालेला आहे. सादरीकरणाची संहिता नोंदवायची असेल तर ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत असते. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास कागद हाताशी राहतो. संहिता पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने पाठवली की हक्क मिळतो, असे सांगणारे भेटतील. त्याने हक्क मिळत नाही, फार तर तारखेचा एक कच्चा पुरावा तयार होतो.

10. रंगमंचावर श्रेय द्या

प्रयोगाच्या मध्येच नाव घेऊन रंग तोडण्याची गरज नाही. कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ पुरते आणि पत्रिका नसेल तर निवेदकाला चिठ्ठी द्यावी. शिकवताना मात्र प्रयोगाचे नाव आणि कर्त्याचे नाव एका दमात सांगावे, म्हणजे मुलांच्या तोंडी दोन्ही एकत्र बसते.

11. चूक सापडली तर नोंद खोडू नका

जुनी ओळ वाचता येईल अशी एकच रेघ मारून, शेजारी नवी माहिती, तिचा पुरावा आणि तारीख लिहावी. दोऱ्यांच्या प्रयोगाच्या माझ्या पानावर 'आमच्या सरांचा' ही ओळ अशीच उभी आहे, तिच्यावर रेघ आहे आणि शेजारी बॉब कार्व्हरचे नाव आहे. त्याखाली सरांसाठी एक ओळ मी नंतर घातली, कारण दोऱ्या प्रेक्षकातील सर्वांत लहान मुलाच्या हातात देऊन त्यालाच मोजायला लावणे ही त्यांची रीत होती आणि दोन जुन्या विद्यार्थ्यांनी ती स्वतंत्रपणे सांगितली.

वहीच्या तीन प्रती कराव्यात : एक आपल्याकडे, एक ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्या घरी आणि एक दुसऱ्या गावातील विश्वासू जादूगाराकडे. सरांच्या घरची प्रत त्यांच्या सूनबाईंनी त्याच लोखंडी पेटीत, आता माळ्याऐवजी खालच्या कपाटात ठेवली आहे. 'मा' खुणेचे उरलेले चार प्रयोग कोणी पाहिलेले असतील, तर त्या वहीत त्यांची पाने कोरी ठेवलेली आहेत.